सातवा व्हॉल्व्ह

त्या ऑक्टोबरात माझे वडील राहत होते माझ्या घरी, पण रमत होते समोरच्या घरात.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच एकटे अमेरिकेत आले होते. आम्ही स्टेट कॉलेज नावाच्या गावाबाहेरच्या वस्तीत राहतो. मी इथे शिकायला आलो, चौघांत एक अपार्टमेंट घेऊन राहिलो, कॅम्पसच्या बसने फिरलो आणि शेवटी विद्यापीठाच्याच कॉम्प्युटर विभागात चिकटलो, तो आजतागायत. इथे मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे त्या उन्हाळ्यात समोरचं घर एका नागपूरच्या कुटुंबाने घेतलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मलाच झाला होता. त्यांचं सामान उतरवायला मी गेलो होतो, बायकोने पहिले दोन दिवस जेवण पाठवलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे वागलो त्यावरून कोणाला हे खरं वाटणार नाही.

बाबांनी चिंचवडच्या एका कारखान्यात अडतीस वर्षं मेंटेनन्सला काढली. कारखान्यातले सगळे एअर कॉम्प्रेसर त्यांच्याकडे असत. नुसत्या आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते सांगायचे, असं त्यांचे मित्र म्हणत. मी स्वतः ते कधी पाहिलं नाही. मला त्या शेडमध्ये ते एकदाच घेऊन गेले, खंडेनवमीला, जेव्हा यंत्रांची पूजा असायची आणि कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन. झेंडूच्या माळा घातलेल्या एका मोठ्या कॉम्प्रेसरला मी हात लावला, तर त्यांनी माझं मनगट धरून बाजूला केलं. "हे तुझं काम नाही. तू अभ्यास कर." त्यानंतर घरात साधा फ्यूज उडाला तरी ते मला टॉर्चसुद्धा धरू देत नसत.

मी अभ्यास केला. आणि पन्नाशीकडे आलो तरी मला भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नाही.

आमच्याकडे थंडी पडण्याआधी लॉनच्या स्प्रिंकलरच्या नळ्या रिकाम्या कराव्या लागतात. जमिनीखालच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांमध्ये पाणी राहिलं की ते गोठतं, फुगतं आणि नळी फुटते. म्हणून कॉम्प्रेसरने हवा मारून एकेक झोन, म्हणजे लॉनचा एकेक भाग, करत सगळं पाणी बाहेर काढायचं. माझ्याकडे दरवर्षी एक माणूस ट्रकमागे भलामोठा कॉम्प्रेसर ओढत येतो आणि वीस मिनिटांत काम उरकून जातो. त्या वर्षी तो आला तेव्हा बाबा खिडकीत उभे राहून एकटक बघत होते.

"तू स्वतः नाही करत?" त्यांनी विचारलं.

"मला कुठे वेळ आहे, बाबा."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात समोरचा नागपूरकर रस्ता ओलांडून आला. त्यालाही तेच काम करायचं होतं, पण माणूस न बोलावता. त्याच्याकडे टायरमध्ये हवा भरायचा आणि खिळे मारायच्या बंदुकीचा एक छोटा कॉम्प्रेसर होता. तो माझ्या माणसाला विचारत होता की एवढ्याशा मशीनने होईल का. माणूस हसला आणि ट्रकमध्ये बसून निघून गेला.

"होईल," बाबा मागून म्हणाले. ते केव्हा बाहेर आले मला कळलंच नव्हतं. पायात माझ्याच चपला होत्या. "टाकी केवढी आहे?"

"सहा गॅलन, काका."

"मग एका दमात होणार नाही. टाकी भरायची, एक झोन उडवायचा, थांबायचं. परत भरायची. मशीनला दम खाऊ द्यायचा. घाई केलीस तर मोटर जाईल, आणि दाब वाढवलास तर नळी जाईल."

"काका, तुम्ही येता का बघायला?"

बाबा गेले, आणि रोज जात राहिले.

सकाळचा चहा माझ्याकडे व्हायचा. मी लॅपटॉप उघडला की ते स्वेटर चढवून रस्ता ओलांडायचे. नागपूरकर घरूनच काम करायचा, मीटिंगा संपल्या की गॅरेजचं दार वर जायचं. दोघांनी मिळून कॉम्प्रेसरची खालची टाकी रिकामी करून गंज काढला. स्प्रिंकलरच्या पाइपाला बसेल असा जोड मिळेना, तर तीन दुकानं पालथी घातली. घरी परतल्यावर बाबा जेवताना त्या जोडाबद्दल बोलायचे. पितळी हवा, प्लॅस्टिकचा नको. आटे किती हवेत. टेफ्लॉनची टेप कुठल्या दिशेने गुंडाळायची. मी "हं" म्हणायचो. आदल्या तीन महिन्यांत, माझ्या घरी, ते जेवताना एवढे कधीच बोलले नव्हते.

एकदा माझी चौदा वर्षांची मुलगी खिडकीतून बघत म्हणाली, "आजोबा लुक्स सो हॅपी ओव्हर देअर." तिने ते सहज म्हटलं. मला दिवसभर काही सुचलं नाही.

खरं सांगायचं तर मी जळत होतो. शब्द शोभत नाही, पण दुसरा शब्द नाही. रस्त्यापलीकडून बाबांचं हसणं ऐकू आलं की मी मीटिंगमध्ये म्यूटवर जाऊन कान द्यायचो. कशावर हसले असतील? मी त्यांना दोन आठवड्यांची रजा काढून नायगारा दाखवला होता, त्यांच्या खोलीत खास मोठा टीव्ही बसवला होता. आणि या माणसाने काय केलं होतं? एक जुना कॉम्प्रेसर समोर ठेवला होता, बस.

खंडेनवमीच्या दिवशी मला ऑफिसात जावं लागलं होतं, तरी मी लवकर आलो. मनात होतं की बाबांना घेऊन गाडीची पूजा करावी. घरात ते नव्हते. समोरच्या गॅरेजमध्ये नागपूरकर, त्याची बायको आणि बाबा उभे होते. स्टुलावर कॉम्प्रेसर, त्यावर हळदकुंकू, आणि सुपरमार्केटमध्ये पानगळीच्या दिवसांत कुंड्यांमधून मिळते ती पिवळी शेवंती. बाबा नागपूरकराच्या हातावर प्रसाद ठेवत होते.

"अरे, आलास? ये ये," बाबा म्हणाले. "आत्ताच झाली."

मी हात जोडले, साखर खाल्ली आणि म्हणालो, "मला एक कॉल आहे." मला कसलाही कॉल नव्हता.

पुढच्या शनिवारी त्यांनी काम काढलं. मी कॉफीचा मग घेऊन त्यांच्या ड्राइव्हवेच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. बाबांनी माझी जुनी लोकरी टोपी घातली होती. त्यांनी आधी घरातून स्प्रिंकलरला जाणारं पाणी बंद करायला लावलं, मग जोड बसवला, मग दाबाचा काटा दोनदा बघितला. "पन्नासच्या वर जायचं नाही. काहीही झालं तरी." नागपूरकर फोनवरून कंट्रोलर चालवून एकेक झोन उघडत होता. लॉनमधून फवारे उठले, त्यांचं धुकं झालं आणि शेवटी नुसती फुसफुस राहिली. "थांब," बाबा म्हणायचे. मग दोघे टाकी भरायची वाट बघत उभे राहायचे. त्या प्रत्येक मधल्या वेळात बाबा काहीतरी शिकवत होते. हवा कोपऱ्यात कशी अडते. दुसऱ्यांदा मारणं का गरजेचं असतं. तो ऐकत होता आणि नेमके प्रश्न विचारत होता. चांगला विद्यार्थी होता तो, हे मला तेव्हाही दिसत होतं.

दुपारपर्यंत सहा झोन झाले.

"आणखी कुठे पाण्याला वाट आहे का?" बाबांनी विचारलं.

"नाही काका. कंट्रोलरवर सहाच आहेत."

मला माहीत होतं की सातवी वाट आहे.

आमच्या ओळीतली घरं एकाच बिल्डरची. टपालपेटीजवळच्या फुलांच्या वाफ्यासाठी त्याने प्रत्येक घराला हाताने फिरवायचा एक जादा व्हॉल्व्ह दिलेला आहे, जो कंट्रोलरला जोडलेलाच नाही. ड्राइव्हवेच्या कडेला, झुडपाखाली, लाकडाच्या भुशाने झाकलेली एक हिरवी डबी असते, त्यात तो असतो. मी घर घेतलं त्या पहिल्या वर्षी माझ्या माणसाने मला ती डबी उघडून दाखवली होती. नागपूरकराच्या घराची ती डबी मी उभा होतो तिथून चार पावलांवर होती.

मी बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बाबांनी नागपूरकराच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाबास. तुझ्या हातात कसब आहे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून माझ्यासाठी कधी ऐकलं नव्हतं. दहावीच्या निकालाला नाही, अमेरिकेचा व्हिसा मिळाला तेव्हा नाही, हे घर घेतलं तेव्हाही नाही. मी मगातली उरलेली थंड कॉफी गवतावर ओतली आणि घरी आलो.

नोव्हेंबरच्या अखेरीस बाबा पुण्याला परत गेले. तोपर्यंत सांगायला भरपूर दिवस होते. मी स्वतःला समजावत राहिलो की तेवढीशी नळी, काय होणार आहे? आणि झालं तर होऊ दे की. कळेल त्याला, सगळंच काही जमत नसतं. मग जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी आली. रोज सकाळी गाडीवरचा बर्फ खरवडताना माझी नजर त्या झुडपाकडे जायची. नागपूरकर त्याचा ड्राइव्हवे साफ करून झाला की न विचारता माझ्याही कडेचा बर्फ काढून द्यायचा. मी हात हलवून "थँक्यू यार" म्हणायचो.

एप्रिलमध्ये त्याने पाणी सुरू केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "जरा येतोस का? बेसमेंटमध्ये पाणी आलंय."

नळी व्हॉल्व्हच्या तोंडाशी फुटली होती. तीन दिवस पाणी जमिनीखालून वाहत घराच्या भिंतीपर्यंत गेलं होतं आणि तिथून आत झिरपलं होतं. बेसमेंटचा गालिचा पायाखाली पचपचत होता. कोपऱ्यात जमिनीवर त्याच्या बायकोची पेटी होती, तिच्या आईने मिरजेहून बनवून आणलेली. रविवारी गावातल्या चार-पाच मुलांना ती त्यावर गाणं शिकवायची. तिने पेटी उचलून टेबलावर ठेवली, भाता ओढून बघितला. आवाज आला नाही, नुसती ओली हवा आली. ती टॉवेल आणायला वर गेली.

मी चार तास पाणी उपसलं. जाताना नागपूरकर म्हणाला, "एक कर. काकांना सांगू नकोस. त्यांना उगाच वाईट वाटेल."

त्याच्या या वाक्याने मला जे झालं ते त्या जळण्यापेक्षा वाईट होतं.

पण बाबांपासून ते लपलं नाही. दर रविवारी ते त्याला फोन करायचे, तसा केला आणि विचारलं, "काय, केलं का पाणी सुरू?" त्याला खोटं बोलता आलं नाही. दोन आठवड्यांनी माझ्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. बाबा सोसायटीच्या पाण्याचा पंप बघायचे, गेली दहा वर्षं. तिने सांगितलं, "त्यांनी पंपाच्या खोलीची किल्ली चेअरमनला परत दिली. म्हणाले, आता माझ्या हातून चुका होतात. दिवसभर बसून असतात रे. तुमच्याकडे काही झालं होतं का?"

रविवारी सकाळी मी कॉफीही न घेता बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. मागे चहाच्या कपाचा आवाज येत होता.

"बाबा, तो जो व्हॉल्व्ह राहिला ना, तो मला माहीत होता."

"कुठला?"

"फुटला तो. हाताने फिरवायचा आहे. माझ्याही घराला आहे तसाच."

त्यांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग विचारलं, "कुठे होता?"

मी सांगितलं. झुडपाखाली, डबीत.

"किती खोल?"

"फूटभर."

"मुख्य नळीतून फाटा काढलेला?"

"हो."

"म्हणजे पुढे बंद. हवा त्यात शिरलीच नसणार, पाणी तसंच बसून राहिलं." त्यांचा आवाज बदलला. "म्हणजे आम्ही केलं ते बरोबर होतं."

"बरोबर होतं, बाबा."

"आणि मी विचारलं होतं. आणखी वाट आहे का म्हणून विचारलं होतं मी."

"हो. मी तिथेच उभा होतो."

आता त्यांना सगळं कळलं. मला फोनवरसुद्धा ते जाणवलं.

"का?" ते म्हणाले.

मी तयारी केली होती, पण तयारीतलं एकही वाक्य आठवेना. "तुम्ही त्याला शिकवत होता," मी म्हणालो. "मला कधी हात लावू दिला नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

"लहानपणी विचारायचो."

"लहानपणी," ते म्हणाले. "त्या शेडच्या आवाजात राहून मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. ते नेहमी फोन डाव्या कानाला धरतात एवढंच मी पाहिलं होतं, आणि ती सवय असेल असं समजलो होतो.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"त्याची पेटी गेली, गालिचा गेला. आधी त्याला सांग. मग मला फोन कर." त्यांनी फोन ठेवला.

मी तसाच रस्ता ओलांडून गेलो, कारण घरात परत शिरलो असतो तर पुन्हा बाहेर पडलो नसतो. नागपूरकर झुडूप उपटून खणलेल्या खड्ड्यात गुडघ्यावर बसून नव्या नळीवर क्लॅम्प आवळत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने क्लॅम्प पूर्ण आवळला, ओढून बघितला, मग पान्हा खाली ठेवला.

"माझ्यावर राग होता का?"

"राग नाही. जळत होतो."

"माझ्यावर?" त्याने वर बघितलं. "यार, तू रोज त्यांच्यासोबत जेवत होतास."

तो उठला, हाताची माती झटकली आणि म्हणाला, "मला काही बोलायचं नाही आत्ता. तू जा." मी गेलो. त्याने बायकोला त्याच दिवशी सांगितलं असावं, कारण त्यानंतर ती माझ्या बायकोशी दारातल्या दारात बोलू लागली. माझ्या बायकोला मी त्या संध्याकाळी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटायचं मी तुला ओळखते."

न्यू जर्सीत पेटी दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत असं कळलं. मी समोर जाऊन पेटी मागितली. नागपूरकराच्या बायकोने ती दिली, पण माझ्या हातात नाही, दाराबाहेर ठेवली. साडेचार तास गाडी चालवून मी ती नेली आणि सहा आठवड्यांनी आणली. भाता नवा बसवावा लागला. बहुतेक स्वर परत आले, एक मात्र अजून घोगरा आहे. तिने माझ्यासमोर सगळ्या पट्ट्या दाबून बघितल्या, घोगऱ्या स्वरावर थांबली, आणि म्हणाली, "ठीक आहे. थँक्यू." रविवारचा वर्ग पुन्हा सुरू झाला. माझी मुलगी आधी जात नसे, आता जाते. तिचं तिने ठरवलं.

नागपूरकर महिन्याभराने बोलला, तेही कचऱ्याच्या डब्यांबद्दल. आम्ही आता बोलतो. पहिल्यासारखं नाही. गॅरेजचं दार वर गेलं की मी आपणहून जात नाही, आणि तो हाक मारत नाही. बाबांशी मात्र त्याचे रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. बाबांनीच पहिला केला.

या वर्षी मी माझ्या माणसाला बोलावलं नाही. लहान कॉम्प्रेसर आणला, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी फोन कुंपणाच्या खांबाला टेकवून व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, शिकवा." पुण्यात तेव्हा रात्रीची जेवणं आटपली होती. चष्मा कपाळावर ढकलून ते स्क्रीनमध्ये वाकले.

मी वाईट विद्यार्थी निघालो. टेप उलटी गुंडाळली. जोड गळत होता. तिसऱ्या झोनला मी बाबांचं न ऐकता टाकी अर्धी भरलेली असतानाच व्हॉल्व्ह उघडला आणि एका स्प्रिंकलरचं टोपण सैल होतं ते उडून माझ्या छातीवर बसलं.

"अरे गाढवा!" बाबा ओरडले. "किती वेळा सांगितलं, थांब म्हणून! काटा बघ! काटा कुठे आहे? हात काढ तिथून!"

मला त्यांनी असं आयुष्यात कधी झापलं नव्हतं. शेडमधल्या माणसांना झापत असतील तसं झापत होते. मी पूर्ण भिजलो होतो, बोटं गारठून बधिर झाली होती, आणि मला फार बरं वाटत होतं. दोन तासांनी सातवा व्हॉल्व्हही मोकळा झाला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं एकदाचं. जरा वेडंवाकडंच झालं, पण झालं." त्यांनी घड्याळ बघितलं. "चल, ठेवतो आता. त्यालाही आजच करायचंय. माझ्या फोनची वाट बघत असेल."

स्क्रीन काळी झाली. दोन मिनिटांनी रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधून बाबांचा आवाज यायला लागला, स्पीकरवर, मोठा आणि खुशीत. मी कॉम्प्रेसरची टाकी रिकामी करत होतो. छातीत तेच जुनं काहीतरी पुन्हा चावलं. मी ते चावू दिलं, नळी गुंडाळली आणि कपडे बदलायला घरात गेलो.